घरची शाळा

मुलांना शिकवावे कोणी, हा प्रश्न वरवर अगदी साधा दिसतो. मास्तरांनी शिकवावे आणि घरच्यांनी डबा भरून द्यावा, अशी आपण वाटणी करून टाकली आहे. तिच्यात सोय पुष्कळ. पण मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळांना कुलपे लागली आणि ही वाटणी मोडली. आमच्या बुलढाण्याच्या घरात चौथीतली नात आणि दुसरीतला नातू दप्तरांसकट माझ्या स्वाधीन झाले. तेव्हापासून हा साधा प्रश्न मला साधा वाटेनासा झाला आहे.

घरी शिकवणे ही आमच्या गावाला नवी गोष्ट नव्हे. ताराबाई शिंदे १८५० साली याच बुलढाण्यात जन्मल्या. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्येच पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली होती; पण पुणे कुठे नि बुलढाणा कुठे! इथे मुलींसाठी शाळा नव्हती. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांनी लेकीला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले. पुढे सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल शिक्षा झाली आणि त्या निमित्ताने साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले जाऊ लागले. तेव्हा या घरी शिकलेल्या बाईने १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून विचारले, की जे दोष आमच्या माथी मारता ते तुमच्यात नाहीत काय? आमच्या वऱ्हाडात ‘का’ला ‘काहून’ म्हणतात. ते सारे पुस्तक म्हणजे एक लांबलचक ‘काहून’च आहे.

मग घरची शाळाच बरी, असे कोणी म्हणेल. मला तसे म्हणवत नाही. ताराबाईंना विद्या मिळाली, कारण वडील तसे निघाले. त्याच आळीतल्या दुसऱ्या मुलीचे काय? बापाच्या चांगुलपणावर लेकीची अक्षरओळख अवलंबून असावी, हा न्याय नव्हे. घरचे शिक्षण हे शेवटी दान आहे. दाता नसला की हात रिकामे. म्हणूनच सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क २००९ मध्ये कायद्याने मान्य झाला, हे फार चांगले झाले. त्या बंद शाळांच्या दिवसांत याची खूण पटली. कित्येक घरांत एकच फोन होता आणि तो सकाळीच बापाच्या खिशातून शेतावर जात असे. त्या घरांतल्या मुलांची शाळा फोनबरोबर शेतावर जाई आणि दिवेलागणीला परत येई.

पण घरात एक असा धडा मिळतो, की जो कोणत्याच शाळेला तितका जमत नाही. एक दिवस सांगते. सकाळी ज्वारी निवडता निवडता नातवाची वजाबाकी झाली. मग सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ पाहून झाले. दुपारी नातीला परिसर अभ्यास शिकवताना मी चांगली रंगले. घरातली कामे मुलाची आणि मुलीची अशी वेगळी नसतात, सगळ्यांनी मिळून करावीत, वगैरे. नातीने ते वहीत सुवाच्य अक्षरात उतरवले.

रात्री जेवणे झाली. नात ताटे गोळा करायला उठली आणि मध्येच थबकली.

“आजी, ताटं मीच काहून उचलायची?”

“बरं, दोघं उचला.”

“पण शाळेत तर हा खिचडीचं ताट स्वतःच धुतो!”

नातवाने आपल्या ताटाकडे असे पाहिले, की जणू ते कधी पाहिलेच नव्हते. मग मोठा आवाज करीत ते मोरीपर्यंत नेले. त्याच्या मागोमाग, एक शब्दही न बोलता, माझ्या मुलानेही आपले ताट उचलले.

शाळेत घंटा झाली की धडा मिटतो. मास्तरांच्या घरी ताटे कोण उचलते, ते मुलांना दिसत नाही. घरात मात्र शिकवणारा दिवसभर मुलांच्या नजरेसमोर असतो. त्याने दुपारी सांगितलेले रात्री तपासले जाते आणि तपासणारा असतो आठ-नऊ वर्षांचा. ही परीक्षा देण्याची तयारी नसेल, तर घरी पाढे शिकवावेत आणि थांबावे. त्यातही काही वाईट नाही.

बापूजी शिंद्यांचे मोठेपण मला इथे वाटते. आपण दिलेल्या अक्षरांनी लेक एक दिवस बाप-भाऊ-नवरे या साऱ्यांचाच हिशेब मागेल, हे त्यांना ठाऊक होते की नाही, कोण जाणे. पण अक्षरे देताना त्यांनी हात आखडला नाही.

पुढे डिसेंबर २०२१ मध्ये पहिली ते चौथीचे वर्गही उघडले. मुले उड्या मारीत गेली आणि मीही सुटकेचा नि:श्वास टाकला. मुलांना सवंगडी हवेत, मास्तर हवेत, घराबाहेरचा न्याय हवा. पण चार वाजता ती घरी परततात, वाचकहो, आणि त्यांच्याबरोबर एखादा ‘काहून’ही येतो. दिवाळीच्या गडबडीत तो ऐकायला सवड नसते, हे खरे. तरी त्याला ‘गप्प बस’ म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे. पोराचा प्रश्न उद्धट आहे की नुसता खरा आहे, हे ठरवायला तेवढा वेळ पुरतो.