त्याचं, तिचं आणि आपलं

आमच्या कन्येनं अकरावीला मार्कांच्या आशेनं फ्रेंच घेतलं आणि आमच्या घरात मालकी हक्काचा प्रश्न उपस्थित झाला. एरवी माझा मालकीशी संबंध एवढाच, की बँकेत दिवसभर नोटा मोजतो आणि त्यांतली एकही माझी नसते.

"बाबा, इंग्रजीत 'हिज' आणि 'हर' वेगळे," कन्या म्हणाली, "पण फ्रेंचमध्ये 'सा मेझों' म्हणजे त्याचंही घर आणि तिचंही. घर स्त्रीलिंगी म्हणून 'सा'. पुस्तक पुल्लिंगी म्हणून 'सों लीव्र'. मग ते बाईचं असो की बुवाचं!"

म्हणजे चक्क जॉइंट अकाउंट! आयदर ऑर सर्व्हायव्हर!

जर्मन मात्र आपल्यासारखाच चोख. मालक बघून 'झाइन' की 'ईर' ते ठरवायचं आणि वस्तू बघून त्याला शेपूट लावायचं. रशियन माणूस तर मालकीच सांगत नाही. 'उ मिन्या' म्हणजे 'माझ्यापाशी' पुस्तक आहे, म्हणतो. जुन्या लॅटिनमध्ये 'मिही एस्त', म्हणजे 'मला' पुस्तक आहे. आपल्याला मुलगी असते, तसं. वस्तू आल्यात, चार दिवस राहतील, एवढंच. इंग्रज तेवढा 'आय हॅव' म्हणून मोकळा होतो. १८४९ साली कोहिनूरही त्यानं असाच 'हॅव' केला.

मी रंगात आलो होतो. मेथी निवडता निवडता सौ. म्हणाली, "फ्रान्सलाच जायला हवं. माहेरी गेले की ते भावाचं घर. इथे कागदावर तुमचं."

"अगं, असं काय? आपलं घर आहे!"

"यातलं कुठलं आपलं? 'तो आपल्या घरी गेला' मधलं, की 'आपण दोघं' मधलं?"

मी गप्प. वीस वर्षं मी ज्याला त्याला "माझा फ्लॅट" म्हणून सांगत होतो. हप्ते माझ्या पगारातून गेले हे खरं; पण उरलेल्या पगारात महिना कुणी काढला, याची नोंद कुठल्याच पासबुकात नव्हती. आणि मी म्हणे हिशेबातला माणूस!

रविवारी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन तिचं नाव लावण्याचा अर्ज मागितला. सेक्रेटरींनी चष्म्यावरून पाहत विचारलं,

"फ्लॅट कुणाचा?"

मी म्हटलं, "सा मेझों."