मागून येणारा कंप

बंगळुरूत एका कन्नड कथेचा अनुवाद करताना ‘अनुकंप’ या शब्दापाशी थांबले. कन्नडमध्ये त्याचा अर्थ सहानुभूती. निवडणुकीत ‘अनुकंपद अले’, म्हणजे सहानुभूतीची लाट येते. माझ्या मराठी कानाला मात्र तो भूकंपाचा भाऊ वाटला. नातं खरंच आहे. संस्कृत ‘कम्प्’ म्हणजे थरथरणं. भूमी थरथरते तो भूकंप. दुसऱ्याच्या मागोमाग आपण थरथरतो ती अनुकंपा. मराठीत हा शब्द आता बहुतेक सरकारी फायलींत उरलाय: ‘अनुकंपा तत्त्वावर नियुक्ती’. तिथे कुणी थरथरत नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. पहाटे किल्लारी हादरली, दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्यांवर कोसळल्या, हजारो माणसं गेली. मी पुण्यात शाळेत होते. आम्ही दारोदार फिरून जुने कपडे गोळा केले. फाटके वेगळे काढा, असं कुणी सांगितलं नाही. आम्हालाही सुचलं नाही.

ती अनुकंपा होती का? ज्याच्या पायाखालची जमीन हलली नाही, त्याने थरथरल्याचं म्हणावं का? मला वाटतं, ‘अनु’ इथे प्रामाणिक आहे. तो बरोबरीचा दावा करत नाही, मागून येतो. अनुवादातही तोच ‘अनु’. मूळ वाक्य माझं नसतं. पण ते माझ्यातून जाताना काहीच हललं नाही, तर अनुवाद खोटा. आमच्या गाठोड्यांतले फाटके कपडे तसेच होते.

कथेत ‘कणव’ सहज बसलं असतं. मी ‘अनुकंपा’च ठेवलं. फायलीतला शब्द माणसाकडे परत नेता येतो का, ते पाहावं म्हणून.