कान्याची कळ

टंकयंत्राच्या शोधाची कथा बहुधा अमेरिकेत आणून संपवली जाते. इटलीच्या पेलेग्रिनो तुर्रीने 1808 च्या सुमारास एका अंध स्त्रीला स्वतः पत्रे लिहिता यावीत म्हणून यंत्र घडवले. पुढे अमेरिकेत शोल्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1868 मध्ये अशा यंत्राचे पेटंट घेतले आणि 1874 मध्ये रेमिंग्टनचे यंत्र बाजारात आले. त्यावर नुसती मोठी अक्षरे उमटत. 1878 च्या यंत्रात शिफ्टची कळ आली, एका कळीवर दोन चिन्हे बसली आणि रोमन लिपीचे भागले. देवनागरीचे तेवढ्याने भागणार नव्हते. स्वर, व्यंजने, मात्रा, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे एवढा पसारा, आणि कळा चाळीस-पंचेचाळीस! मराठीसाठी हे यंत्र दुसऱ्यांदा शोधावे लागले, आणि तो शोध अक्षराची फोड करण्याचा होता, असे माझे मत आहे.

या विचाराला रत्नागिरीत मोठी चालना मिळाली. 1924 ते 1937 या स्थानबद्धतेच्या काळात सावरकरांनी लिपीशुद्धीचा पुरस्कार केला. इ, उ, ए यांना वेगळी चिन्हे कशाला? ‘अ’लाच वेलांटी, उकार, मात्रा लावा, जोडाक्षरे एकाखाली एक न रचता आडवी जोडा. मुद्रण आणि टंकलेखन सुकर व्हावे हा त्यामागचा रोखठोक हिशेब होता. ‘अ’ची ही बाराखडी काही काळ छापलीही गेली, पण वाचकांत रुजली नाही. यंत्रासाठी डोळ्यांची सवय मोडायला मराठी वाचक तयार नव्हता, आणि त्यात त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही.

रेमिंग्टन पद्धतीच्या कळफलकाने दुसरी वाट धरली. वाचकाचे अक्षर तसेच ठेवायचे, फोड फक्त टंकलेखकाच्या बोटांपुरती. गुहागर तालुक्यातल्या ‘धोपावे’ या गावाचे नाव घ्या. पूर्ण ‘ध’ची कळच नाही. अर्धा ध्, मग काना, की झाला ‘ध’. पुन्हा तोच काना आणि वर मात्रा, की झाला ‘धो’. ख, घ, भ, श यांचेही असेच. एकच उभी रेघ कधी व्यंजन पुरे करते, कधी स्वर होते. आपल्या बहुतेक अक्षरांच्या उजवीकडे दंड असतो, या साध्या निरीक्षणावर ही सगळी बचत उभी आहे.

यावर आक्षेप येईल की हा शोध कसला, ही तर तडजोड. रफार सरकलेला, जोडाक्षरे तुटकी. सरकारी टंकलेखक भरतीतही इंग्रजीला मिनिटाला 40 शब्दांची अट, तर मराठीला 30. हे खरे आहे. त्या बचतीची किंमत टंकलेखकाच्या बोटांनी मोजली आणि तिची दखल फारशी कुणी घेतली नाही. पण त्यामुळेच राजभाषा झालेली मराठी कचेरीत स्वतःच्या रूपात वावरू शकली. आज युनिकोडमध्ये ‘ध’ हे एकच चिन्ह आहे. तरीही संगणकावर रेमिंग्टनचा कळफलक निवडता येतो, आणि त्या जुन्या पद्धतीवर हात बसलेले अनेकजण अजून तोच निवडतात.