भागधारकाचा धर्म

गाठीचे द्रव्य स्टेट बँकेच्या समभागांत घालावे की एचडीएफसी बँकेच्या, असा प्रश्न आमच्या महाजनमंडळींत अलीकडे वारंवार निघतो. नफा, लाभांश, बुडीत कर्जे यांचे आकडे पुढे मांडले जातात. ते पाहावेतच, परंतु समभाग घेणारा त्या पेढीचा अंशतः धनी होतो, ही गोष्ट आकड्यांच्या गर्दीत हरवते.

इंपीरियल बँकेचे रूपांतर होऊन १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक अस्तित्वात आली. तिचा निम्म्याहून अधिक भाग आजही सरकारचा. १९९४ साली स्थापन झालेल्या एचडीएफसी बँकेत मूळ गृहवित्त संस्था १ जुलै २०२३ रोजी विलीन झाली, आणि प्रवर्तक असा कोणी उरला नाही. (तारखांचा योगायोग ज्योतिष्यांनी पाहावा!)

२०१४ साली जनधन खाती निघाली, तेव्हा निर्धनांची बहुतांश खाती सरकारी बँकांनीच उघडली. त्या खर्चाचा वाटा भागधारकाच्याही पदरी आला. त्याने कुरकुर करावी काय? आमच्या मते करू नये. थोरला धनी सरकार आहे, हे जाणूनच तो आत शिरला. खाजगी बँकेच्या भागधारकास मात्र सरकारकडे बोट दाखविता येत नाही. वसुलीस गेलेला मनुष्य ऋणकोच्या दारात कसा बोलतो, याचा जाब तेथे सर्व धन्यांनी मिळूनच द्यावयाचा असतो. तो अधिक जड आहे, असे आम्हांस वाटते.

वार्षिक सभेची सूचना दोन्हीकडून येते. मत घरबसल्या देता येते. आमच्या पाहण्यात ते देणारे फार थोडे.