गणंग

गेल्या रविवारी मटकीची आमटी खाता खाता माझ्या दाढेचा टवका उडाला. आमटी फक्कड झाली होती. कांदा-खोबरे भाजून वाटून लावलेले, वर लसणीची फोडणी. मी तिसऱ्यांदा वाटी पुढे केली आणि कडकन आवाज झाला.

"गणंग लागला वाटतं," पत्नी म्हणाली. तिच्या स्वरात माझ्या दाढेपेक्षा आमटीच्या अब्रूची काळजी अधिक होती. "रोळून घेतली होती हो मी. एखादा राहतोच."

गणंग म्हणजे कडधान्यातला न शिजणारा दाणा. मटकी आणि हुलगा ही आमच्या माणदेशातली कोरडवाहू पिके, आणि गणंग या दोहोंत हमखास सापडायचे. रात्री भिजत घातलेली मटकी सकाळी टम्म फुगते. पण चार-दोन दाणे जसेच्या तसे राहतात, बारीक, चकचकीत, टणक. सगळी रात्र पाण्यात काढूनही ते जणू त्या गावचेच नसतात. जाणती बाई भिजलेली मटकी पाण्यात हिंदकळून वरची वर काढून घेते. तळाशी खड्यांच्या सोबतीला गणंग उरतात, आणि ते परसात भिरकावले जातात.

हा शब्द स्वयंपाकघराबाहेर मी एकदाच वापरला. मॅट्रिकच्या शिदोरीवर मी वस्तीशाळेचा मास्तर झालो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याला सातचा पाढा येत नसे. मी समजुतीने सांगितले, ओरडून सांगितले, शंभरदा लिहून घेतला. एके दिवशी इन्स्पेक्शन तोंडावर आलेले, आणि हा "सात चोक" म्हणून थांबला तो थांबलाच. मी म्हणालो, "तू गणंग आहेस रे, गणंग!" वर्ग खदखदून हसला. मीही हसलो, हे लिहून ठेवले पाहिजे. त्या दिवसापासून मुलाचे नाव हजेरीपटापुरते उरले. वास्तविक मॅट्रिकच्या गणिताचा उंबरठा मी स्वतः दुसऱ्या खेपेस ओलांडला होता; पण ते वर्गाला ठाऊक नव्हते.

दाढेच्या ठणक्याने झोप येईना, तेव्हा मी या दाण्याचे कूळ शोधू लागलो. जे कळले त्याने ठणका कमी झाला नाही. गणंग नासका नसतो, पोचट तर नसतोच. दाणा पक्व होताना हवा फार कोरडी असली की त्याचे टरफल असे आवळून बसते, की पाण्याला आत जायला वाटच राहत नाही. तेच टरफल कानशीने नुसते खरवडले, तर तो इतरांसारखाच फुगतो. आणि हा आडमुठेपणा झाडाच्या कामाचा आहे. पहिल्या पावसाला सगळेच बी उगवले आणि मग पावसाने दडी मारली, तर वंश बुडाला. म्हणून काही दाणे मातीत तसेच पडून राहतात, पुढच्या पावसासाठी, कधी पुढच्या सालासाठी. पावसाच्या लहरीवर जगणाऱ्या आमच्या मुलखाला याची थोरवी कुणी पटवून द्यायला नको.

दुसरीही एक जात असते. हा दाणा पाणी पितो, फुगतो, पण मऊ होत नाही. उबट, दमट कोठीत फार दिवस राहिला, जड पाण्यात शिजवला किंवा शिजण्याआधीच आमटीत चिंच कोळून घातली, की असे होते. यात दाण्याचा गुन्हा कोणता? कोठी त्याने निवडली नाही, विहीर त्याने खणली नाही. आणि चिंच घालायची घाई? ती माझी खोडच होती.

इथे मला सुखाने थांबता आले असते. काही मुले उशिरा उगवतात, त्यांचा पाऊस अजून यायचा असतो, असे म्हणून टाळ्याही मिळवता आल्या असत्या. पण या बोलण्यात मला लबाडी दिसते. दाणा पुढच्या सालाची वाट पाहू शकतो; आमटी मात्र आज दुपारी पानात पडावी लागते. तो मुलगा माझ्याकडे एकच वर्ष होता. त्याचा पाऊस कधीतरी येईल म्हणणारा मास्तर आपले पाणी राखून ठेवतो. आणि दाणा आमच्या वाटीत शिजला नाही एवढ्यावरून त्याला परसात भिरकावणारा मास्तर आपल्या भुकेलाच जगाचे माप समजतो. मी ही दोन्ही पापे केली, एक आधी आणि एक नंतर. कारण समजले की दोष फिटतो, असे पुष्कळ शहाण्यांना वाटते. दाण्याचा फिटला, माझा कसा फिटावा?

गेल्या आषाढात मोरीच्या पाण्याशेजारी मटकीचा एक वेल आपसूक पसरला होता. पत्नीने तो शेळीला घातला. शेंगा धरेपर्यंत ठेवायला हवा होता, असे माझ्या मनात आले. पण शेळीही घरचीच.

तो मुलगा मला दिवाळीच्या आधीच्या बाजारात भेटला. आता टेम्पो चालवतो. दाढी वाढलेली, खांद्यावर टॉवेल. मी ओळखले नाही. त्याने वाकून पायांना हात लावला आणि मोकळे हसून म्हणाला, "मास्तर, वळखलं न्हाई व्हय? म्या गणंग."

त्याच्या हसण्यात कसलीच अढी नव्हती. माफी मागायला मी तोंड उघडले. पण कुणाची मागू, तेच कळेना. हजेरीपटातले नाव मला आठवत होते, ते मी उच्चारले. तो क्षणभर इकडेतिकडे पाहू लागला, दुसऱ्याच कुणाला हाक मारल्यासारखा. मग माझ्या हातातली पिशवी घेऊन त्याने ती एस.टी.पर्यंत पोचवली. पिशवीत एक किलो मटकी होती.