मागायचं काय आणि वाहायचं काय?

मार्गशीर्ष पौर्णिमेला संध्याकाळी दत्तजन्माचा पाळणा हलतो, गुलाल-फुलं उधळली जातात, आणि त्याच क्षणी आपण प्रत्येक जण मनात काहीतरी मागून घेतो. मुलाला नोकरी, घराचं कर्ज फिटू दे, गुडघेदुखी थांबू दे. यात गैर काही नाही. लेकराने आईबापाकडे मागायचं नाही तर कुणाकडे? पण ज्याच्यासमोर आपण उभे असतो त्याच्याकडे एकदा नीट पाहावं. खांद्याला झोळी, पायाशी श्वान, पाठीशी गाय. स्वतःसाठी काहीही न ठेवणारं हे दैवत. त्याच्याकडे धन मागावं की शहाणपण, हा प्रश्न म्हणूनच दत्तभक्ताला टाळता येत नाही.

गुरुचरित्राच्या नवव्या अध्यायात कुरवपूरच्या रजकाची कथा आहे. श्रीपाद श्रीवल्लभांची तो मनोभावे सेवा करी. एकदा नदीवर राजाचा थाटमाट पाहून त्याच्या मनात राज्यभोगाची इच्छा उठली. महाराजांनी ती ओळखली आणि विचारलं, याच जन्मी हवं की पुढच्या? म्हातारपणी भोगून काय करायचं, म्हणून त्याने पुढचा जन्म मागितला. राज्य मिळालं. पण पुढे तोच राजा मांडीवरच्या फोडाने हैराण होऊन श्रीनृसिंहसरस्वतींना शरण आला, हेही गुरुचरित्र सांगतं. सारं वैभव असूनही दुखणं काही टळलं नाही. शेवटी उपयोगी पडली ती पूर्वजन्मीची सेवा.

म्हणजे धन वाईट आहे का? तसंही नाही. ज्या गरीब ब्राह्मणाकडे गुरूंनी घेवड्याच्या शेंगांची भिक्षा घेतली, त्याचा वेल त्यांनीच उपटून टाकला, आणि त्या वेलाच्या मुळाशी द्रव्याने भरलेला कुंभ निघाला. गृहस्थाला पैसा लागतोच हे सद्गुरू जाणतात. औषधं, दिवे, पाणी, नातवंडांच्या हातावर खाऊचे चार पैसे, सगळं पैशानेच होतं. प्रश्न पैसा असण्याचा नाही. मन कुठे गुंतलं आहे याचा आहे.

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यांत मधमाशी आहे आणि मध गोळा करणाराही आहे. भुंगा फुलाला न दुखवता थोडं थोडं घेतो, तसं लहानमोठ्या सगळ्या शास्त्रांतून सार घ्यावं, हा एक धडा. माशी साठवत राहते आणि साठ्यासकट नाश पावते, हा दुसरा. आणि कष्टाने साठवलेलं दुसराच कुणी येऊन नेतो, हा तिसरा. साठवू नये हा उपदेश मुळात भिक्षेकऱ्याला आहे. घरसंसार असणाऱ्याने उद्याची तरतूद करायलाच हवी. पण तरतूद कुठे संपते आणि हाव कुठे सुरू होते, ते ज्याचं त्याने ओळखायचं.

मी बँकेत कारकुनी केली, त्यामुळे मधमाशीचा हा धडा मला रजिस्टरमध्ये वाचायला मिळाला. ज्या खात्यात दहा वर्षं काही व्यवहार होत नाही, त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत वर्ग होते. 2014 पासून ही योजना आहे. खातेदाराला किंवा वारसाला ती रक्कम नंतरही मागता येते, बुडत नाही. पण मागायला कुणी येतच नाही, अशी खाती असतात. पोटाला चिमटा काढून ठेवलेली ठेव, आणि घरात कुणाला पत्ताच नाही! अवधूताने हेच सांगितलं होतं, फक्त आपल्याकडे पोळ्याच्या जागी पासबुक आलं.

आता दुसरी बाजू. शहाणपण मागितलं आणि देवाने दिलं, तर त्याचं करायचं काय? इथे मला पैठणचे नाथमहाराज आठवतात. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार आणि थोर दत्तभक्त. त्यांनी नाथांकडे हिशेबाचं काम सोपवलं होतं. एका पैची चूक लागेना म्हणून नाथ रात्रभर दप्तर घेऊन बसले आणि अखेर ती सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली, ही कथा आपल्याला ठाऊक आहे. स्वामी म्हणाले ते असं, की एका पैच्या चुकीसाठी एवढी एकाग्रता, मग हीच भगवंताकडे लावलीस तर?

ही कथा ऐकून पुष्कळ जण म्हणतात, पाहा, हिशेब क्षुल्लक, भक्ती थोर. मला वेगळं वाटतं. गुरूंनी ते कसब फेकून दे असं म्हटलं नाही, त्याची दिशा बदलली. पुढे नाथांनी काय केलं ते पाहा. त्याच अकराव्या स्कंधावरचं एकनाथी भागवत त्यांनी शके 1495 मध्ये काशीला पूर्ण केलं. आणि शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीच्या पाठांत शिरलेली अशुद्धं शोधून शुद्ध प्रत सिद्ध केली. पैची चूक हुडकणारी नजरच ती! दप्तरात वापरली तेव्हा हिशेब जुळला, पोथीत वापरली तेव्हा महाराष्ट्राला ज्ञानेश्वरी शुद्ध मिळाली. गुण तोच, मालक बदलला.

आपण नाथ नाही, हे खरं. पण गुरुचरित्रात श्रीशैल्याचं दर्शन घडलेला तो विणकर तरी कोण मोठा पंडित होता? घरचं काम उरकून रोज मठाचं अंगण झाडायचा. देवाने तेवढंही मोजलं.

आपण निवृत्त मंडळी मात्र पावती फाडून मोकळे होतो. देणगी द्यावीच, पण पैसे देणं सोपं आहे, लक्ष देणं अवघड. शिक्षिका असाल तर मंदिराच्या ओसरीवर चार मुलांना पाढे शिकवा. सुगरण असाल तर महाप्रसादाच्या पातेल्याशी उभ्या राहा. हिशेब येत असेल तर उत्सवाचा जमाखर्च चोख लिहा, नोव्हेंबरात शेजारच्या आजींचा हयातीचा दाखला भरून द्या, त्यांच्या ठेवीला वारसाचं नाव लागलंय का ते बघा. हीसुद्धा पूजाच आहे. फक्त त्यात ‘मी केलं’ शिरलं की संपलं. मग ती सेवा राहत नाही, पाटीवरचं नाव होतं.

धन इथेच राहतं, आणि गुण न वापरले तर तेही आपल्याबरोबर राखेत जातात. तेव्हा यंदा पाळण्याची दोरी हातात आली, की मागणं अवश्य मागा. पण एक विचाराही: देवा, तू मला जे येऊ दिलंस, ते तुझ्या कुठल्या कामी लावू?

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!