सद्यःशौच

वॉर्डात मृत्यू झाला की परिचारिकेचे काम संपत नाही, फक्त बदलते. डॉक्टर ईसीजीची सरळ रेघ पाहून केसपेपरवर वेळ लिहितात आणि पुढचा अर्धा तास तिचा असतो. सलाईन, कॅथेटर, नाकातली नळी काढायची, डोळे मिटायचे, हनुवटीखालून बँडेज नेऊन तोंड बांधायचे, अंग पुसायचे, पायाचे अंगठे जुळवून बांधायचे, नावाची पट्टी लावायची, दागिने मोजून नातेवाइकांची सही घ्यायची. मग हात धुऊन शेजारच्या खाटेवरच्या माणसाला इन्सुलिन द्यायचे. हाच मृत्यू तिच्या घरात झाला असता तर याच हातांना दहा दिवस देवाला शिवता आले नसते. प्रेताला लागलेला हात लगेच दुसऱ्या जिवाच्या कामी येतो, तो कोणत्या अर्थाने शुद्ध म्हणायचा?

धर्मशास्त्रात मरणाचे अशौच दोन वाटांनी येते. एक वाट नात्याची. सपिंडाला दहा दिवस सुतक लागते, मग त्याने प्रेत पाहिलेले असो वा नसो. दुसरी वाट स्पर्शाची. परका माणूस प्रेताला शिवला तर स्नान करून मोकळा होतो. पण ज्याचे काम खोळंबले तर दुसऱ्याचा जीव किंवा व्यवहार अडतो, त्याने दहा दिवस बसून कसे राहावे? पराशरस्मृतीने याची सोय केली आहे. शिल्पी, कारागीर, वैद्य, दासी-दास, न्हावी, राजा आणि श्रोत्रिय यांना तिने ‘सद्यःशौच’, म्हणजे तत्काळ शुद्धी दिली. ही सूट आपापल्या कामापुरतीच, असे टीकाकारांनी बजावले. राजा आणि न्हावी एका यादीत बसावेत, असे स्मृतिग्रंथांत सहसा घडत नाही; इथे कामाच्या निकडीने ते घडवले. यादीत परिचारिका नाही. तिला वैद्याच्या रांगेत बसवायचे की दासीच्या, हा वाद इस्पितळांत अजून चालू आहे, पण सूट दोन्हीकडून मिळते.

आयुर्वेदाने शौचाचा विचार वेगळ्या अंगाने केला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाचे गुणही चार: उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शौच. हे शौच जन्माने मिळत नाही आणि नात्याने जात नाही. ते अंगी बाणवायचे कौशल्य आहे, शिवाय ते अनुरागाच्या शेजारी मांडले आहे.

शवाच्या स्पर्शाने खरोखर काही लागते हे आधुनिक वैद्यकालाही उशिरा कळले. 1847 साली व्हिएन्नात सेमेलवाइसने शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. आज जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याचे 5 प्रसंग ठरवून दिले आहेत: रुग्णाला हात लावण्यापूर्वी, निर्जंतुक कृतीपूर्वी, रक्त वा स्राव लागल्यावर, रुग्णाला हात लावल्यानंतर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. साबणाने धुवायला 40 ते 60 सेकंद लागतात. तीस खाटांच्या वॉर्डात दोन सिस्टर असतील तर हा हिशेब कागदावरही जमत नाही.

हे सारे सोवळ्यासारखे दिसते, आणि पुष्कळजण कौतुकाने तसे म्हणतातही: आपले पूर्वज सोवळे पाळत, आता शास्त्रानेही तेच सांगितले. ही तुलना फसवी आहे. सोवळ्यात नेसलेला माणूस दुसऱ्याच्या स्पर्शापासून स्वतःला जपतो. ड्रेसिंगचा ट्रे उघडणारी परिचारिका स्वतःच्या स्पर्शापासून दुसऱ्याला जपते. तिच्या लेखी संशयित हात तिचाच असतो. शिवाय सोवळे माणसामाणसांत भेद करते. जंतू तसा भेद करत नाही, म्हणून हात धुण्याचा नियमही सगळ्यांना सारखा. वॉर्डातल्या रंगीत पिशव्यांतही हाच न्याय आहे. रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाईनची नळी लाल पिशवीत, सुई पांढऱ्या डब्यात. वर्गवारी वस्तूंची असते. कापसावरचे रक्त कोणाचे, हा प्रश्न तिथे उद्‌भवत नाही.

तो प्रश्न इथवर सहज मिटलेला नाही. मलमूत्र काढणे, परक्या पुरुषाचे अंग पुसणे, नाळ कापणे ही कामे विटाळाची मानली गेल्यामुळे ती खालच्या ठरवलेल्या जातींकडे ढकलली होती, आणि वरच्या जातींतल्या बायका या पेशात येत नव्हत्या. कोल्हापूरच्या आसपास शिकलेली परिचारिका लोकांनी प्रथम पाहिली ती मुख्यतः मिशनच्या दवाखान्यांत, मिरजेला डॉ. वानलेस यांचे इस्पितळ 1894 साली उघडले होते. 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातला आजारी मुलगा पाठीवर घेऊन दवाखान्यात आणला आणि त्याच साथीने त्यांचा अंत झाला. शाहू महाराजांनी 1919 साली हुकूम काढून करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानातले पाणवठे, धर्मशाळा, सरकारी इमारती यांच्याबरोबर दवाखान्यांतही अस्पृश्यता पाळायला बंदी केली. दवाखान्याचे नाव त्या यादीत घालावे लागले, यावरून रोग्याची नाडी पाहतानाही जात आड येत असे, हे उघड आहे. आजच्या वॉर्डातही बेडपॅन बहुतेक वेळा सिस्टरकडून मावशींकडे आणि मावशींकडून सफाई कामगाराकडे जातो. या उतरंडीला कामाची वाटणी म्हणतात. ती किती कामाची आणि किती जुनीच, हे पायरीगणिक उतरणाऱ्या आडनावांवरून कळते.

कोल्हापूर जिल्ह्यात विटाळाच्या या प्रश्नाला एक उत्तर पूर्वीपासून नांदत आले आहे. लिंगायत मताने बाराव्या शतकातच जन्म, मरण, रजस्राव, उष्टे आणि जात ही पाचही सुतके नाकारली. अंगावर इष्टलिंग धारण करणाऱ्याला विटाळ नाही, ही भूमिका. व्यवहारात लिंगायत घरेही शेजाऱ्यांच्या चालीने वागतात, ही गोष्ट वेगळी. मुरलेल्या सिस्टरला प्रत्येक समाजाची मरणानंतरची चालरीत ठाऊक असते. लिंगायतांत बैठ्या स्थितीत दफन करतात, म्हणून देह ताठण्याआधी तो ताब्यात मिळावा अशी नातेवाइकांची घाई असते. मुसलमान कुटुंबाला गुस्ल, म्हणजे मृताचे स्नान, आणि दफन लवकर उरकायचे असते. पंचनामा व्हायचा असेल तर या दोघांनाही थांबा म्हणून सांगायचे काम तिच्याकडेच येते.

सुतकाची आणखी एक बाजू सुधारकांच्या नजरेतून बहुधा निसटली. सुतक हा विटाळ होता, तशी ती सक्तीची विश्रांतीही होती. ज्याचे माणूस गेले त्याने दहा दिवस चूल, देव, बाजार यांच्यापासून दूर राहायचे. इतरांनी त्याला जेवण आणून द्यायचे. परिचारिकेला रुग्ण ‘सिस्टर’ म्हणतो, म्हणजे नाते जोडतो, आणि त्या नात्याच्या आधारानेच परका हात अंगाला लावून घेतो. तो मेला की मात्र ते नाते सुतकाला पुरत नाही. महिनाभर जिने त्याचे ड्रेसिंग केले, तिच्या वाट्याला हात धुण्यापुरता मिनिटभराचा अवधी येतो. चरकाने तिच्याकडून अनुराग मागितला. रोगी दगावल्यावर त्या अनुरागाचे काय करायचे, ते सांगितले नाही. कोरोनाच्या काळात ही उणीव उघडी पडली. नातेवाईक दाराबाहेर होते, शेवटचे पाणी अनेकांना सिस्टरनेच पाजले, देह प्लास्टिकमध्ये गुंडाळला, आणि सुतक पाळले गेले ते घरी.

तिच्या स्वतःच्या घरात मृत्यू होतो तेव्हा पराशराची सूट अक्षरशः लागू पडते. कोल्हापूरकडे रक्षाविसर्जन बहुधा तिसऱ्या दिवशी असते. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्याला वर्षाला 8 किरकोळ रजा मिळतात. त्यातल्या काही आधीच गेलेल्या असतात, आणि पाळी बदलून द्यायला माणूस नसते. म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी ती ड्युटीवर येते, चार्ज घेते, ट्रे उघडते. घरी दहावा होईपर्यंत तिला देवाजवळ दिवा लावू देत नाहीत.